प्रोफेसर दिनकर बळवंत देवधर

आपल्या पुणे जिल्ह्याचे नाव क्रिकेटच्या खेळात दूरवर नेणाऱ्या पुरुषांत प्रोफेसर देवधर ह्यांची गणना प्रथम करावी लागते. त्यांचा जन्म पुणे शहरी १४ जानेवारी १८९२ रोजी झाला. पुढे तेथील सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे अध्यापक झाले. वर्गात व्याकरण व काव्य शिकवावे आणि मैदानावर उतरून फलंदाजी करावी, असा त्यांचा दुहेरी व्यासंग अनेक वर्षे चालला.

प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ते १९११ साली खेळू लागले. १९२६ साली गिलिगन ह्यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी. चा इंग्रज संघ हिंदुस्थानात आला असता मुंबईच्या सामन्यात त्यांनी सर्व-भारतीय संघातर्फे १४८ धावा काढल्या. परंतु भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला, तेव्हा त्यांचे वय चाळीस होते. कसोटी सामना खेळण्याचा मान त्यांना अखेरपर्यंत लाभला नाही. दुसरा एखादा खेळाडू अशा वेळी खिन्न होऊन घरी बसला असता. देवधरांनी मात्र महाराष्ट्राचा संघ उभारण्यास स्वतःस वाहून घेतले.

त्या काळी प्रांताच्या संघात तरुणांना वळण लावण्याचा भार बहुतांशी कर्णधारावरच पडे. देवधर तर हाडाचे शिक्षक; त्यांच्या हाताखालचे कित्येक गडी वयाने त्यांच्या विद्यार्थ्यांएवढे होते. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध पुण्यास महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या. मुंबईने ६५० पर्यंत मजल मारली. त्या ६७५ पैकी २४६ धावा एकट्या कर्णधाराच्या होत्या. मद्रासविरुद्धच्या अंतिम सामन्यातही त्यांचा संघ विजयी झाला. तेव्हा त्यांना एकोणपन्नासावे वर्ष उलटून गेले होते. स्वतः केल्याविना दुसऱ्यास सांगू नये, हे तत्त्व त्यांनी असे आचरून दाखविले.

आपणा ख्रिस्ती वाचकांस विशेष अगत्य वाटावे अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्या काळी मुंबईच्या प्रसिद्ध सामन्यांत संघ धर्मावरून पाडले जात. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन असे चार संघ होते. १९३७ पासून ख्रिस्ती, ज्यू इत्यादींचा ‘रेस्ट’ म्हणजे ‘इतर’ हा पाचवा संघ त्यांत आला. देवधर स्वतः हिंदू संघाकडून खेळलेले. परंतु त्यांच्या महाराष्ट्र संघात हिंदू गड्यांबरोबर सांगलीच्या ख्रिस्ती शिक्षकाचे पुत्र विजय सॅम्युएल हजारे होते, तसेच पारशी नगरवाला होते. १९३९-४० च्या मोसमात बडोद्याविरुद्ध हजारे ह्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या, आणि नवव्या गड्यासाठी ह्या ख्रिस्ती व पारशी जोडीने २४५ धावांची भर घातली. तो विक्रम महाराष्ट्राचा म्हणूनच गणला गेला. मुंबईचे ते धर्मवार सामने १९४६ साली बंद पडले. प्रांतांचे सामने आजही चालू आहेत.

हजारे पुढे बडोद्यास गेले, आणि १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळविला. ज्या मैदानाचे दार देवधरांस उघडले नाही, तेथे त्यांच्या संघातील तरुणाने देशास यश दिले. ह्याचे श्रेय अर्थात हजारे ह्यांचेच. परंतु कोवळ्या वयातील गुणास वाव देणाऱ्या वडीलधाऱ्याचा वाटाही विसरता येत नाही.

१९४४ साली, वयाची बावन्न वर्षे उलटल्यावर, देवधरांनी एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके झळकविली. त्यांच्या कन्या तारा, सुंदर व सुमन ह्या बॅडमिंटनच्या खेळात नामांकित झाल्या. सरकारने त्यांस १९६५ साली पद्मश्री व १९९१ साली पद्मभूषण देऊन गौरविले; १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने देवधर करंडक खेळला जाऊ लागला. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षी, पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

ओतूरच्या तरुणांनो, मान मिळो वा न मिळो, हाती आलेले काम निष्ठेने करावे आणि आपल्यामागून येणाऱ्यास पुढे जाऊ द्यावे, हाच ह्या चरित्राचा बोध होय. आणि वडीलधाऱ्यांनो, आपल्या मुलांत कोणी हजारे असेल, तर त्यास ओळखणारा देवधर होणे आपल्याच हाती आहे.