मागोसाबुरो ओहारा : गिरणीच्या नफ्यातून उभे राहिलेले कला संग्रहालय

जपानच्या ओकायामा प्रांतात कुराशिकी नावाचे शहर आहे. तिथल्या जुन्या कालव्याच्या काठी, पांढऱ्या भिंतींच्या कोठारांच्या शेजारी, ग्रीक मंदिरासारखे उंच खांब असलेली एक इमारत उभी आहे. हे ओहारा कला संग्रहालय. ५ नोव्हेंबर १९३० रोजी ते सुरू झाले. प्रामुख्याने पाश्चात्य कलेसाठी उभारलेले जपानमधले हे पहिले संग्रहालय मानले जाते. एल ग्रेको, मोने, गोगँ, मातिस यांची चित्रे इथे आहेत. त्यांच्या जोडीला नाराशिगे कोइदे, र्युसेई किशिदा, शोजी सेकिने अशा आधुनिक जपानी चित्रकारांचीही चित्रे आहेत. सेकिने अवघ्या विसाव्या वर्षी वारला. त्याचे १९१८ मधले एक महत्त्वाचे चित्र याच संग्रहात आहे.

हा संग्रह उभा करणारे मागोसाबुरो ओहारा चित्रकार नव्हते. ते एका सूतगिरणीचे मालक होते. जपानमध्ये त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र त्यांची ओळख फारशी नाही. ती व्हायला हवी. संपत्ती कुठून येते, ती कोणाची असते आणि ती कोणाकडे परत गेली पाहिजे, हे प्रश्न चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाला पडतात. ओहारांना हे प्रश्न मालकाच्या खुर्चीत बसलेले असताना पडले. त्यांनी दिलेली उत्तरे काही ठिकाणी थक्क करतात, तर काही ठिकाणी अपुरी वाटतात. दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

मागोसाबुरो यांचा जन्म २८ जुलै १८८० रोजी कुराशिकीत झाला. ओहारा घराणे मोठे जमीनदार होते आणि कापसाच्या व्यापारातही होते. १८८८ मध्ये कुराशिकी सूतगिरणी कंपनी स्थापन झाली, तेव्हा वडील कोशिरो तिचे पहिले अध्यक्ष झाले. थोरले भाऊ लहानपणीच गेल्यामुळे वारसा मागोसाबुरोंकडे आला. शिक्षणासाठी ते टोकियोला गेले. पुढे वासेदा विद्यापीठ म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेत त्यांचे नाव होते, पण वर्गात ते फारसे दिसत नसत. चैनीत आणि वाईट संगतीत त्यांनी सुमारे १५ हजार येनांचे कर्ज करून ठेवले. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. शेवटी वडिलांनी त्यांना घरी परत आणले. हे कर्ज निस्तरण्यासाठी बहिणीचे पती टोकियोला गेले होते. ती धावपळ चालू असतानाच त्यांचा अचानक मृत्यू झाला. हा धक्का मागोसाबुरो आयुष्यभर विसरले नाहीत.

याच काळात त्यांची गाठ जुजी इशी यांच्याशी पडली. इशी वैद्यकीचा अभ्यास सोडून अनाथ मुलांच्या कामात उतरलेले ख्रिस्ती कार्यकर्ते होते. १८८७ मध्ये त्यांनी ओकायामा अनाथालय सुरू केले होते. १९०६ च्या सुमारास ईशान्य जपानमध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी तिथली शेकडो मुले आणली आणि अनाथालयातील मुलांची संख्या १२०० वर गेली. इशींच्या सहवासात ओहारांची अशी धारणा झाली की आपल्याला मिळालेली संपत्ती आपली नाही, ती समाजाची ठेव आहे. १९०५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि अनाथालयाला ते सतत आर्थिक मदत करत राहिले.

गिरणीतले त्यांचे पहिले काम शिक्षणाचे होते. १९०२ मध्ये त्यांनी कामगारांसाठी कारखान्यातच शिक्षणाची सोय सुरू केली. त्याची गरज समजण्यासाठी त्या काळातली जपानी सूतगिरणी डोळ्यांसमोर आणावी लागेल. कामगारांत बहुसंख्य मुली होत्या, त्याही गरीब शेतकऱ्यांच्या घरच्या. आईवडिलांना आगाऊ रक्कम देऊन दलाल त्यांना करारावर आणत. दिवसपाळी आणि रात्रपाळी आलटून पालटून चाले. राहणे कंपनीच्या कोंदट वसतिगृहात. क्षयरोग घेऊन गावी परतणाऱ्या मुलींची संख्या मोठी होती.

या साखळीचे एक टोक आपल्या मातीतही होते. जपानच्या सूतगिरण्या मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानी कापसावर चालत. १८९३ मध्ये टाटा आणि निप्पॉन युसेन या कंपन्यांनी मुंबई ते कोबे अशी जहाजसेवा सुरू केली, ती मुख्यतः याच कापसासाठी. वऱ्हाड-खानदेशातला कापूस मुंबई बंदरातून जपानला जाई. म्हणजे जपानी गिरण्यांच्या नफ्यात तिथल्या मुलींच्या रात्रपाळ्यांबरोबर इथल्या शेतमजुरांचेही श्रम होते.

१९०६ मध्ये कुराशिकी गिरणीच्या वसतिगृहात साथीचा रोग पसरला आणि काही कामगारांचा बळी गेला. जबाबदारी स्वीकारून कोशिरो पायउतार झाले आणि २६ वर्षांचे मागोसाबुरो अध्यक्ष झाले. त्यांनी कामगारांची भरती आणि जेवण यांवर पोट भरणाऱ्या मुकादमांची पद्धत मोडली आणि जेवणाची व्यवस्था कंपनीकडे घेतली. मोठ्या कोंदट वसतिगृहाच्या जागी थोड्याथोड्या मुलींसाठी छोटी, सुटी घरे बांधायला सुरुवात केली. खर्च वाढला म्हणून भागधारक कुरकुरले. निरोगी कामगार म्हणजे कंपनीचेही हित, ही भूमिका त्यांनी सोडली नाही.

१९१४ मध्ये इशी वारले आणि अनाथालयाची जबाबदारी ओहारांकडे आली. त्याच वर्षी त्यांनी शेती संशोधनाची संस्था स्थापन केली. ती आज ओकायामा विद्यापीठाचा भाग आहे. मग १९१८ आले. तांदळाच्या भाववाढीमुळे जपानभर दंगे उसळले. मोडतोड करणारे लोक भुकेले होते. ओहारांच्या विचारात इथे एक मोठे वळण आले. इतकी वर्षे दान देऊनही गरिबी कमी होत नव्हती. तेव्हा गरिबी का निर्माण होते याचाच शास्त्रशुद्ध अभ्यास व्हायला हवा, या निष्कर्षावर ते आले. फेब्रुवारी १९१९ मध्ये ओसाकात ओहारा सामाजिक संशोधन संस्था सुरू झाली.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या संस्थेचा इतिहास जरूर पाहावा. इवासाबुरो ताकानो हे नामवंत अभ्यासक तिचे प्रमुख झाले. संस्थेने १९२० पासून जपानचे कामगार वार्षिक प्रसिद्ध करायला सुरुवात केली. संप, वेतन, कामगार संघटना यांची व्यवस्थित नोंद त्यात होऊ लागली. क्रोपोत्किनवर लेख लिहिला म्हणून टोकियोच्या शाही विद्यापीठातून काढलेले आणि तुरुंगात गेलेले तात्सुओ मोरितो यांना याच संस्थेने जागा दिली. संस्थेतले अनेक अभ्यासक मार्क्सवादी होते. भांडवलदाराच्या पैशावर भांडवलशाहीची चिकित्सा चालली होती. पैसा देणाऱ्या ओहारांनी निष्कर्ष काय यावेत हे सांगितले नाही. देणगीदाराच्या मर्जीप्रमाणे अहवाल लिहावे लागतात असा अनुभव सामाजिक संस्थांत काम करणाऱ्या अनेकांना असतो. त्यांना या गोष्टीचे मोल लगेच कळेल.

१९२१ मध्ये त्यांनी कुराशिकीत श्रमविज्ञान संस्था उभारली. गितो तेरुओका आणि त्यांचे सहकारी थेट कारखान्यात राहून अभ्यास करू लागले. रात्रपाळीने मुलींच्या शरीरावर काय परिणाम होतो, उष्ण आणि दमट हवेत थकवा किती वाढतो, हे त्यांनी मोजले. १९२३ मध्ये रुग्णालय सुरू झाले. ते गिरणी कामगारांसाठी उभारले होते, पण शहरातल्या सर्वांना खुले ठेवले. ऐपतीप्रमाणे खोल्यांच्या श्रेणी ठेवायच्या नाहीत आणि कर्मचाऱ्यांनी रुग्णांकडून बक्षिसी घ्यायची नाही, असा तिथला नियम होता. आत झाडांनी भरलेले काचेचे दालनही होते. कुराशिकी मध्यवर्ती रुग्णालय आजही चालू आहे.

याच वर्षांत चित्रेही गोळा होत होती. त्यामागे तोराजिरो कोजिमा होते. कोजिमा १८८१ मध्ये ओकायामा प्रांतातल्याच नारिवा गावात जन्मले. म्हणजे ओहारांपेक्षा एका वर्षाने लहान. टोकियोत चित्रकला शिकताना त्यांना ओहारा घराण्याची शिष्यवृत्ती मिळाली आणि दोघांची मैत्री जमली. १९०७ मध्ये कोजिमांनी ओकायामा अनाथालयातले दृश्य रंगवले. टोकियोतल्या प्रदर्शनात त्या चित्राला पहिले पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी ओहारांनी त्यांना युरोपला पाठवले. बेल्जियममधल्या गेंट इथल्या कला अकादमीतून १९१२ मध्ये ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. परतल्यावर त्यांचा विवाह जुजी इशी यांच्या थोरल्या मुलीशी झाला. अनाथालय, गिरणी आणि चित्रकला हे तीन धागे असे एकत्र गुंफले गेले.

१९१९ मध्ये कोजिमा पुन्हा युरोपला गेले. तिथून त्यांनी ओहारांना चित्रे विकत घेण्याची परवानगी मागितली. त्यांना ती स्वतःसाठी नको होती. जपानमधल्या तरुण चित्रकारांना पाश्चात्य चित्रे फक्त छापील नकलांतून पाहायला मिळत. प्रत्यक्ष युरोपला जाणे मोजक्यांनाच परवडत होते. मूळ चित्र जपानमध्ये आले तर ते सर्वांना पाहता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. ओहारा सुरुवातीला थांबले, पण मग होकाराची तार गेली. कोजिमा जीवर्नी गावी वृद्ध मोने यांना भेटले आणि कमळतळ्याचे एक चित्र थेट त्यांच्याकडून घेतले. मातिसकडून त्यांच्या मुलीचे व्यक्तिचित्र मिळाले. १९२२ मध्ये तिसऱ्या फेरीत पॅरिसमध्ये एल ग्रेकोचे मेरीच्या जीवनातील प्रसंगाचे जुने चित्र दिसले. किंमत मोठी होती. ओहारांनी त्यालाही मान्यता दिली. इजिप्त आणि पश्चिम आशियातल्या प्राचीन वस्तूही कोजिमांनी जमवल्या.

१९२१ मध्ये ही चित्रे पहिल्यांदा लोकांसमोर मांडली गेली ती कुराशिकीतल्या प्राथमिक शाळेत. लांबलांबून लोक आगगाडीने आले आणि शाळेपुढे रांगा लागल्या. तोपर्यंत अशी चित्रे जपानमध्ये धनिकांच्या दिवाणखान्यांत, ओळखीच्या माणसांनाच दिसत. एका लहान शहराच्या शाळेत ती कोणालाही पाहता येणे ही नवी गोष्ट होती.

८ मार्च १९२९ रोजी कोजिमा गेले. वय अवघे ४७. मित्राच्या स्मरणार्थ संग्रहालय बांधायचे ओहारांनी ठरवले. काळ अत्यंत वाईट होता. जागतिक मंदीने सूतगिरण्यांचे कंबरडे मोडले होते आणि कुराशिकी कंपनीही अडचणीत होती. तरीही वास्तुरचनाकार काझुए याकुशिजी यांनी आराखडा केला आणि पुढच्या वर्षी इमारत उभी राहिली. सुरुवातीला एकही प्रेक्षक न आलेले दिवसही गेले. ओहारांनी दारे बंद केली नाहीत. १९३६ मध्ये टोकियोत लोककलेचे संग्रहालय उभे राहिले, त्यालाही मोठी मदत त्यांचीच होती. अनाम कुंभार, विणकर, सुतार यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंना तिथे कलेचा मान मिळाला.

१८ जानेवारी १९४३ रोजी, महायुद्ध चालू असताना, मागोसाबुरो ओहारा वारले. युद्धानंतर मुलगा सोइचिरो यांनी संग्रह वाढवला. आधुनिक जपानी चित्रांची भर पडली. १९६१ मध्ये हामादा, कावाई, लीच यांच्या मातीकामाचे स्वतंत्र दालन झाले. सामाजिक संशोधन संस्था १९३७ मध्ये टोकियोला गेली आणि आता होसेई विद्यापीठात काम करते. संस्थापक जाऊन ८० वर्षे उलटली तरी बहुतेक संस्था चालू आहेत. चांगल्या हेतूने सुरू झालेले काम माणसाबरोबर संपते, हे आपण अनेकदा पाहतो. ओहारांनी प्रत्येक कामासाठी त्या विषयातला जाणकार माणूस आणला, त्याला स्वातंत्र्य दिले आणि संस्थेची घडी बसवली.

तरीही भारावून जाऊन चालणार नाही. ओहारांच्या सगळ्या सुधारणा मालकाने ठरवलेल्या होत्या. घर कसे असावे, शिक्षण कोणते असावे, नफ्यातला किती भाग चित्रांवर खर्च व्हावा, यातले काहीही कामगार मुलींना विचारले गेले नाही. रात्रपाळीचे दुष्परिणाम मोजणारी संस्था १९२१ मध्ये निघाली, पण जपानमध्ये स्त्रियांची रात्रपाळी कायद्याने बंद व्हायला १९२९ उजाडले. त्यासाठी कामगार संघटनांना लढावे लागले आणि आंतरराष्ट्रीय दबावही यावा लागला. उदार मालक परिस्थिती सुसह्य करू शकतो. हक्क मिळवण्यासाठी संघटना आणि कायदा लागतो.

ज्यांनी सूत कातले त्या मुलींची नावे संग्रहालयाच्या कोणत्याही दालनाला नाहीत. मोनेच्या त्या कमळांसमोर उभे राहणाऱ्याने त्यांची आठवण ठेवली पाहिजे. ओहारांचे श्रेय त्याने कमी होत नाही. कला ही श्रीमंतांच्या घरची वस्तू राहू नये, ती शाळेत आणि रस्त्यावरून येणाऱ्या माणसाला दिसावी, हे त्यांनी मानले आणि करून दाखवले. आपल्या तरुणांनी ग्रंथालय, वसतिगृह, अभ्यासिका किंवा कलादालन उभारायला घेतले, तर ओहारांकडून चिकाटी आणि अभ्यासकांना दिलेले स्वातंत्र्य घ्यावे. आणि त्यांनी न केलेली एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करावी : ज्यांच्या कष्टातून पैसा येतो आणि ज्यांच्यासाठी संस्था निघते, त्यांना निर्णयाच्या बैठकीत बसवावे.