सुई आणि पाटी

वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आले की मुलींच्या कॉमन रूममध्ये कात्र्या, दोऱ्याची रिळे आणि रंगीत फेल्टचे तुकडे दिसू लागतात. प्रमुख पाहुण्यांच्या छातीवर टाचायचे फूल बाजारातून विकत आणण्यापेक्षा हाताने केलेले असावे, ही हौस कुणाला ना कुणाला असतेच. फेल्ट हे खरे म्हणजे विणलेले कापड नव्हे. लोकर ओलवून, दाबून, मळून तिचे तंतू एकमेकांत गुंतवले की फेल्ट होते. आपल्या आजीच्या घरातल्या बुरणुसाचीच ही धाकटी, नाजूक बहीण म्हणा ना! त्याची कड उसवत नाही, म्हणून पाकळी कापली की काम झाले, दुमड घालायला नको. पाच-सात पाकळ्या बुडाशी चुणायच्या, एकीत एक बसवून टाके घालायचे, मधोमध पिवळ्या लोकरीचा गोंडा किंवा मणी, पाठीमागे हिरवे पान आणि सेफ्टी पिन. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या जूनपासून ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन आले, तेव्हा तिथल्या बायकांनी जुन्या फेल्ट हॅट कापून अशीच फुले केली आणि जुन्या कोटांवर मिरवली. टंचाईतही नटण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही.

आपल्याकडे मात्र असल्या कामाला एक ठराविक नाव मिळाले आहे, ‘फावल्या वेळचा उद्योग’. लोकरीचे विणकाम, क्रोशाचे रुमाल, भरतकामाचे पोपट, कापडाची फुले हे सारे फावल्या वेळचे! ज्या बाईला वेळ फावतो तिची ती करमणूक आणि ज्या बाईच्या हाती दिवसभरात एक क्षण फावत नाही, तिच्या गोधडीच्या टाक्यांना तर नावच नाही. बुलढाणा जिल्ह्यासारख्या कापूसपट्ट्यात राहणाऱ्या आपण सर्वांना हे सांगायला नको. खामगावच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते ती वेचणाऱ्या बायांच्या बोटांवर. पण त्या बोटांचा हिशेब कोण ठेवतो? सुई धरणाऱ्या बोटांचा हिशेब ठेवावा, त्यांना मोल आणि मान मिळावा, असे ज्यांनी चाळीसेक वर्षांच्या सार्वजनिक खटपटीतून आपल्याला शिकवले, त्या रमाबाई रानडे यांची ओळख म्हणूनच करून द्यावीशी वाटते. न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या हाताखाली सुई आणि पाटी एका बाकावर कशी आली, ते तितकेसे ठाऊक नाही.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथे, कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे नाव यमुना. मुलींना अक्षरओळख करून देण्याची त्या घरात रीत नव्हती. वयाच्या अकराव्या वर्षी, १८७३ च्या डिसेंबरात, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे तेव्हा बत्तिशीला टेकलेले. पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा पुढारी आता एखाद्या विधवेशीच लग्न करील अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि टीकाकारांना आयुष्यभर पुरेल इतके साहित्य दिले. या टीकेत तथ्य नव्हते असे मला म्हणवत नाही. पण इतिहासाची गंमत अशी की, तत्त्वाच्या बाबतीत नवरा जिथे कमी पडला, तिथूनच बायकोचे आयुष्य सुरू झाले.

रानड्यांनी या अक्षरशून्य मुलीच्या हातात पाटी दिली. मराठी झाले, मग इंग्रजी सुरू झाले. वाचणे सोपे होते, घरात राहून वाचणे कठीण होते. रानड्यांच्या घरी वडीलधाऱ्या बायका होत्या, विधवा नणंद होती. सुनेने पुस्तक घेऊन बसावे हे त्यांना कसे रुचावे? टोमणे, अबोला, कामाची मुद्दाम टाकलेली भर हे सारे झाले. या बायकांना खलनायिका ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्यांना स्वतःला कुणी पाटी दिली नाही, ज्यांचे उभे आयुष्य सोवळ्यात आणि स्वयंपाकघरात सरले, त्यांना या लाडक्या सुनेच्या हातातले पुस्तक पाहून काय वाटत असेल? रमाबाईंनी उलट उत्तर न देता ते सोसले. पुढे सेवासदनच्या दारात जेव्हा अशाच बायका येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा रमाबाईंना त्या अनोळखी वाटल्या नसतील.

नाशिक, धुळे, मुंबई, पुणे अशा पतीच्या बदल्यांबरोबर त्यांचे जग मोठे होत गेले. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांच्या सभांना रमाबाई रानडे जाऊ लागल्या. पुण्यात मुलींचे हायस्कूल व्हावे म्हणून भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले, तेव्हा घरात काय वादळ उठले असेल याची कल्पनाच केलेली बरी! ते हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, १८८४ मध्ये सुरू झाले. त्यावरही वाद पेटला. शाळेची वेळ लांबलचक आहे, इंग्रजीचा अभ्यास मुलींना काय कामाचा, घरसंसाराला उपयोगी पडेल तेवढे शिकवावे, अशी टीका ‘मराठा’ आणि ‘केसरी’ या पत्रांतून होऊ लागली.

त्या काळी सुई ही पुस्तकाच्या विरुद्ध वापरण्याचे हत्यार होती. मुलीला शिवण आले, घर आले, की पुरे. तिला इतिहास-भूगोल कशाला, असा तो युक्तिवाद. दुसऱ्या टोकाला नव्या विचारांच्या श्रीमंत घरांत सुई हा अलंकार झाला होता. विलायती लोकर आणि नक्षीचे नमुने घेऊन दिवाणखान्याच्या भिंतीसाठी चित्रे भरायची, पाहुण्यांनी वाखाणायची, झाले. पोटासाठी सुई चालवणे मात्र शिंप्याचे काम, घरंदाज बाईचे नव्हे! अशा वेळी एखादी सुधारक बाई सुईवर चिडून तिला टाकून देती तरी कुणी नवल केले नसते. रमाबाईंनी तसे केले नाही.

१८९३ मध्ये रानडे मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. तिथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल क्लब काढला. या क्लबात भाषा शिकवत, सामान्यज्ञान शिकवत, सभेत उभे राहून बोलायला शिकवत आणि त्याच छपराखाली शिवण व हस्तकामही शिकवत. ही जोडणी मला फार महत्त्वाची वाटते. शिवणाच्या वर्गाला मुलगी पाठवायला सासू एक वेळ कबूल होईल, भाषणाच्या वर्गाला कधीच होणार नाही. एकदा ती शिवणाला आली, की शेजारच्या खोलीतले धडे तिच्या कानावर पडायचे थोडेच राहतात? रमाबाईंच्या मनात हा हिशेब होता की नाही, कुणी सांगावे! पण शिवणाच्या वर्गाचे दार बाईला घराबाहेर पडण्याचे पहिले दार ठरले, हे आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत गावोगाव दिसले आहे.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा एकोणचाळिशीला पोचत होत्या. त्या पुण्याला परतल्या आणि वर्षभर त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतले. आपल्या आठवणींचे पुस्तक त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. मराठीतल्या उत्तम आत्मकथनांत त्याची गणना होते. पण ते पुस्तक पतीच्या मृत्यूपाशी थांबते. लेखिकेचे स्वतःचे खरे कर्तृत्व त्यानंतर सुरू झाले आणि त्याविषयी ती चकार शब्द काढत नाही! त्यांच्या पुस्तकावर परीक्षेत प्रश्न सोडवणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी हा कोरा भाग जरूर लक्षात ठेवावा.

१९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी रमाबाई होत्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदनची कल्पना काढली आणि नेतृत्वासाठी ते रमाबाईंकडे आले. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्याच्या रानडे वाड्यात सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे उजवे हात. न्यायमूर्तींच्या ज्या वाड्यात एका सुनेने लपत-छपत पुस्तक वाचले असेल, त्या वाड्यात आता परक्या घरच्या सुना-लेकी उघड्यावर पाटी घेऊन बसू लागल्या.

कोण होत्या या बायका? बऱ्याचशा विधवा, काही टाकलेल्या, काही गरिबीने गांजलेल्या. ब्राह्मण विधवेचे त्या काळचे जिणे आज सांगूनही खरे वाटणार नाही. केशवपन, लाल आलवण, एक वेळचे जेवण आणि दिराच्या घरी पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत बिनपगारी राबणे. बाहेर पडून चार पैसे मिळवायचे म्हटले, तर दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटणे आणि पापड करणे याखेरीज वाट नव्हती. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्ये आणि कर्व्यांचा आश्रम १८९६ मध्ये निघाला होता, पण गरजेच्या मानाने ते थेंबभर. सेवासदनात घरकाम आटोपून बायका येत. लिहिणे-वाचणे, हिशेब, जोडीला शिवण, भरतकाम, विणकाम. पुढे शिक्षिका तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले, परिचारिकांच्या शिक्षणाची सोय झाली, वसतिगृहे झाली. कापलेले कापड, घातलेला टाका आणि शिवलेले पोलके यांना इथे किंमत होती. बाईच्या हातची वस्तू कौतुकाची राहिली नाही, विक्रीची झाली. पैसे किती थोडे मिळत असतील, हा प्रश्न वेगळा. दिरापुढे हात न पसरता आलेला पहिला रुपया पदराच्या गाठीला बांधताना त्या बाईला काय वाटले असेल, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

परिचारिकेच्या कामाला तर शिवणाहून शंभरपट विरोध झाला. परक्या पुरुषाची सेवा, परजातीचा स्पर्श! पण रमाबाईंनी माघार घेतली नाही. त्या स्वतः इस्पितळात फळे, फुले आणि पुस्तके घेऊन रुग्णांना भेटत. मध्यवर्ती तुरुंगातील स्त्री-कैद्यांच्या विभागात त्या नियमाने जात आणि त्या बायकांशी माणसासारख्या बोलत. १९१३ मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा मदतीसाठी तिकडे गेल्या.

आपण महाविद्यालयात शिकतो, म्हणून सेवासदनच्या एका स्नेहसंमेलनाची हकीगत सांगणे भाग आहे. बक्षीस समारंभ चालला होता. प्रेक्षकांत कॉलेजचे तरुण विद्यार्थी होते. एक केशवपन केलेली विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेली. तिला पाहताच या सुशिक्षित तरुणांनी हुर्यो केली. रमाबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. कार्यक्रम पुरता होऊ दिला. समारोपाला उभ्या राहिल्या तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. तुम्ही कॉलेजात शिकता, पण तुम्हाला शिकलेले म्हणायचे कसे, या अर्थाचे खडे बोल त्यांनी त्या तरुणांना सुनावले. ज्यांच्या घरात एखादी विधवा बहीण, आत्या किंवा मावशी नाही असा तुमच्यात कोण आहे, असे त्यांनी विचारले. सारे आयुष्य टोमणे गिळलेल्या बाईने स्वतःसाठी कधी तोंड उघडले नव्हते, एका अनाम बाईसाठी ते उघडले. सभागृह गप्प झाले. ज्यांनी हुर्यो केली, ते आपल्याच वयाचे होते. आणि व्यासपीठावर बक्षीस घ्यायला येणाऱ्या मुलीच्या रंगावरून, कपड्यांवरून, खेडवळ चालीवरून शिट्ट्या वाजवणारे बाक आजच्या संमेलनांतही रिकामे नसतात.

१९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा आधी मुलांना, मुलींचे पुढे पाहू, असा सूर निघाला. रमाबाई मुलींच्या बाजूने ठामपणे उभ्या राहिल्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्या होत्या. पाटी घ्यायची की सुई, हा वाद पुण्यात अजून संपला नव्हता. सेवासदनातल्या बायका मात्र सकाळी एक आणि दुपारी दुसरी हातात घेत होत्या.

अखेरच्या वर्षांतही आषाढी-कार्तिकीला सेवासदनच्या स्वयंसेविका बरोबर घेऊन त्या आळंदीच्या यात्रेत जात आणि वारकरी बायकांची सोय पाहत. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा पुणे सेवासदनच्या निरनिराळ्या शाखांत हजारावर स्त्रिया शिकत होत्या. १९२७ मध्ये आपल्या विदर्भात, नागपुरालाही सेवासदन निघाले.