तुटलेले सांधणारे गणित

मुलांनो, गणिताच्या अभ्यासात एक शब्द तुम्हांला नेहमी भेटतो. मराठीत आपण बीजगणित म्हणतो, इंग्रजीत अल्जेब्रा म्हणतात आणि उर्दूत अलजबरा. या अलजबरा शब्दात 'जब्र' हा शब्द दडलेला आहे. उर्दूत जब्र म्हणजे सक्ती. त्यामुळे काही मुले थट्टेने म्हणतात, जे गणित सक्तीने करावे लागते ते अलजबरा! पण हा अर्थ बरोबर नाही. अरबी भाषेत जब्र या शब्दाला दुसराही अर्थ आहे. मोडलेले हाड बसवणे, तुटलेले सांधून पूर्ववत करणे यालाही जब्र म्हणतात. मोडलेल्या हाडाला आधार म्हणून जी पट्टी बांधतात, तिला अरबीत जबीरा असे नाव आहे.

हा शब्द ज्यांच्या ग्रंथामुळे जगभर पोहोचला, ते गणितज्ञ म्हणजे मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी.

अल-ख्वारिज्मी यांचा जन्म सुमारे इ. स. ७८० मध्ये झाला. त्यांच्या नावावरून त्यांचे घराणे ख्वारिज्म या प्रदेशातले असावे असे मानतात. हा प्रदेश अरल समुद्राच्या दक्षिणेला आहे. त्याचा बराचसा भाग आज उझबेकिस्तानात येतो. मात्र अल-ख्वारिज्मी यांचे आयुष्यातले मोठे काम बगदाद शहरात झाले.

टायग्रिस नदीच्या काठी इ. स. ७६२ मध्ये खलिफा अल-मन्सूर यांनी बगदादची उभारणी सुरू केली. पुढे इ. स. ८१३ ते ८३३ या काळात अल-मामून हे खलिफा होते. त्यांना विद्येची मोठी आवड होती. त्यांच्या काळात 'बैतुल हिक्मा' म्हणजे ज्ञानगृह नावारूपाला आले. ग्रीक, फारसी, संस्कृत अशा अनेक भाषांतील ग्रंथांचे ज्ञान त्या काळी अरबीत येत होते. चांगला ग्रंथ कोणत्या देशाचा आहे, हे तेथील विद्वान पाहत नसत. त्यात काय शिकण्यासारखे आहे, एवढेच ते पाहत. अल-ख्वारिज्मी याच विद्वानांपैकी एक होते.

भारतातील अंक त्यांना फार आवडले. केवळ नऊ अंक आणि शून्य यांच्या साहाय्याने कितीही मोठी संख्या लिहिता येते, हे त्यांनी ओळखले. या पद्धतीवर त्यांनी एक ग्रंथ लिहिला आणि हा हिशेब भारतीयांचा आहे, हे त्यात मोकळेपणाने सांगितले. भूगोलावरील आपल्या ग्रंथात त्यांनी २४०२ ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश दिले. खगोलशास्त्राची कोष्टकेही त्यांनी तयार केली. त्यांतही भारतीय ज्योतिषशास्त्राचा आधार होता.

पण त्यांचे नाव अमर झाले ते एका छोट्या ग्रंथामुळे. त्याच्या नावात 'अल-जब्र' आणि 'अल-मुकाबला' असे दोन शब्द आहेत. सुमारे इ. स. ८२० मध्ये लिहिलेला हा ग्रंथ केवळ पंडितांसाठी नव्हता. वारसा, मृत्युपत्र, वाटण्या, कज्जे, व्यापार, जमिनीची मोजणी आणि कालव्यांची खोदाई अशा रोजच्या कामांत लोकांना सोपा हिशेब हवा होता. तो देण्यासाठी हा ग्रंथ लिहिण्यास खलिफा अल-मामून यांनी त्यांना उत्तेजन दिले.

या ग्रंथात +, − किंवा = अशी चिन्हे नाहीत. संख्यासुद्धा शब्दांत लिहिल्या आहेत. जी संख्या शोधायची तिला ते 'शै' म्हणजे वस्तू म्हणत. आज आपण तिच्या जागी 'क्ष' लिहितो.

आता जब्र म्हणजे काय ते एका सोप्या उदाहरणाने पाहू. दहामधून एक संख्या वजा केली, तेव्हा त्या संख्येची चौपट उरली. येथे दहा ही संख्या पूर्ण राहिली नाही, तिचा एक तुकडा तुटला आहे. तो तुकडा दोन्ही बाजूंत मिळवला की एका बाजूला पूर्ण दहा होतात आणि दुसऱ्या बाजूला त्या संख्येची पाचपट होते. म्हणजे ती संख्या दोन. तुटलेले असे भरून काढणे म्हणजे जब्र. मुकाबला म्हणजे समोरासमोर ठेवणे. दोन्ही बाजूंना सारखे असेल तेवढे दोन्हीकडून काढून टाकायचे, ही मुकाबल्याची रीत.

या रीतीचा उपयोग कशासाठी होत असे? त्यांच्या ग्रंथातीलच एक प्रश्न पाहा. एक माणूस दोन मुलगे मागे ठेवून वारला. आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा एका परक्या माणसाला द्यावा, असे त्याने सांगून ठेवले होते. घरात दहा दिरहम रोख होते. शिवाय एका मुलाकडून वडिलांना दहा दिरहम येणे होते. आता कोणाला किती द्यायचे?

कर्जदार मुलाचा वाटा त्याच्या कर्जातूनच वळता करायचा होता. म्हणून अल-ख्वारिज्मी यांनी त्या वाट्याला शै मानले. तेव्हा वाटायची रक्कम दहा दिरहम आणि एक शै इतकी झाली. तिसरा हिस्सा परक्या माणसाचा आणि उरलेले दोन हिस्से दोन भावांचे. तिन्ही हिस्से सारखेच, म्हणजे प्रत्येकी एक शै. दहा दिरहम आणि एक शै मिळून तीन शै होतात. दोन्हीकडून एक शै काढली, तर दहा दिरहम म्हणजे दोन शै. म्हणून एक शै म्हणजे पाच दिरहम. रोख रकमेतले पाच दिरहम परक्या माणसाला आणि पाच दुसऱ्या भावाला मिळाले. कर्जदार भावाचे पाच त्याच्या कर्जातून वळते झाले. कोणाचा हक्क बुडाला नाही. वाटणीत चूक झाली, तर भाऊ भावापासून तुटतो. येथे गणिताने घर सांधले.

सुमारे इ. स. ८५० मध्ये अल-ख्वारिज्मी यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथ मात्र प्रवास करीत राहिला. इ. स. ११४५ मध्ये स्पेनमधील सेगोव्हिया येथे चेस्टरच्या रॉबर्टने त्याचे लॅटिन भाषांतर केले. अल-जब्र हा अरबी शब्द युरोपच्या भाषांत मुरला आणि इंग्रजीत त्याचा अल्जेब्रा झाला. स्पॅनिश भाषेत तर हाडे बसवणाऱ्या वैदूलाही याच शब्दापासून बनलेले 'अल्जेब्रिस्ता' हे नाव मिळाले. भारतीय अंकांवरील त्यांच्या ग्रंथाचे मूळ अरबी पुस्तक आज उपलब्ध नाही, पण त्याची लॅटिन रूपे टिकली. लॅटिनमध्ये ख्वारिज्मी हे नाव बदलत गेले आणि त्यातून अल्गोरिदम हा शब्द तयार झाला. संगणक ज्या ठरावीक पायऱ्यांनी काम करतो, त्यांना आज अल्गोरिदम म्हणतात. १९८३ साली सोव्हिएत संघाने अल-ख्वारिज्मी यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

भारताचे अंक बगदादला गेले, बगदादचा शब्द युरोपात गेला आणि तोच शब्द इंग्रजी पुस्तकांतून आपल्या शाळेत आला. ज्ञानाला एक देश किंवा एक भाषा पुरत नाही.

पुढे कधी एखादे समीकरण सुटेनासे झाले, तर घाबरू नका. अलजबरा म्हणजे सक्ती नव्हे. कोणत्या बाजूला काय तुटले आहे ते शांतपणे पाहा आणि तेवढे दोन्ही बाजूंना भरून काढा.