रुआँचा बुरुज आणि संत जोन



३० मे हा संत जोन ऑफ आर्क हिचा सण. आपल्याला ती ओळखीची आहे ती चित्रातली: अंगात चिलखत, हाती निशाण, घोड्यावर स्वार. पण तिचा खरा कस लागला तो रुआँ या गावी. हे गाव फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात सेन नदीच्या काठी आहे. लुर्ड आणि लिझ्यूची यात्रा करणारे आपले भाविक तिथे क्वचितच थांबतात. आम्ही मात्र लिझ्यूहून मुद्दाम गेलो, कारण आपली छोटी तेरेजा जोनची मोठी भक्त होती. तिने जोनवर दोन नाटके लिहिली आणि मठात स्वतः जोनची भूमिकाही केली.

जोनचा जन्म १४१२ च्या सुमारास दोंरेमी या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. प्रार्थना तिला आईने, इझाबेलने शिकवल्या. तेराव्या वर्षापासून तिला वाणी ऐकू येऊ लागली. महादूत मायकल, संत कॅथरिन आणि संत मार्गारेट आपल्याशी बोलतात, असे ती सांगे. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ८ मे १४२९ रोजी ऑर्लियन्सचा वेढा उठला आणि १७ जुलैला तिच्या उपस्थितीत रीम्सच्या कॅथेड्रलमध्ये सातव्या चार्ल्सला राज्याभिषेक झाला. २३ मे १४३० रोजी ती शत्रूच्या हाती सापडली आणि दहा हजार लिव्हरना इंग्रजांना विकली गेली. ज्याला तिने मुकुट मिळवून दिला, त्या राजाने तिला सोडवण्यासाठी फारसे काही केले नाही.

रुआँच्या रेल्वे स्टेशनाजवळ एक गोल दगडी बुरुज आहे. राजा फिलिप ऑगस्ट याने १२०४ मध्ये शहर जिंकल्यावर जो किल्ला बांधला, त्यातला एवढाच भाग आज उभा आहे. भिंती सुमारे चार मीटर जाड. आत शिरताच गारठा जाणवतो. लोक याला जोनचा बुरुज म्हणतात, पण तिची कोठडी यात नव्हती. ती होती याच किल्ल्याच्या दुसऱ्या बुरुजात, आणि तो पुढे पाडला गेला. तिथे पायांत बेड्या आणि पहाऱ्याला इंग्रज शिपाई. खटला ख्रिस्तसभेचा होता, तेव्हा तिला ख्रिस्तसभेच्या कैदेत, स्त्रियांच्या देखरेखीखाली ठेवायला हवे होते. तिने ते मागितले, मिस्साही मागितली. दोन्ही नाकारले गेले.

न्यायासनावर कोण बसले होते? बोव्हेचे बिशप पिएर कोशों, आणि सोबतीला मठाधिपती व पॅरिस विद्यापीठाचे ईशज्ञानाचे पंडित. आम्ही सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलो, तेच शास्त्र इथे एका अशिक्षित मुलीवर हत्यारासारखे वापरले गेले. तू देवाच्या कृपेत आहेस का, असे त्यांनी तिला विचारले. हो म्हणावे तर तो अहंकार, कारण आपण कृपेत आहोत हे खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. नाही म्हणावे तर गुन्हा कबूल. तिने सांगितले की, मी कृपेत नसेन तर देवाने मला तिच्यात आणावे आणि असेन तर तिच्यात राखावे. पंडितांना यावर काही बोलता आले नाही.

९ मे १४३१ रोजी तिला या मोठ्या बुरुजात आणले, ते छळाची साधने दाखवायला. ती डगमगली नाही. माझे अवयव तोडलेत तरी मी वेगळे बोलणार नाही, आणि बोललेच तर ते बळजबरीने वदवले असे नंतर सांगेन, असे तिने बजावले. तीन दिवसांनी न्यायाधीशांनी मते घेतली. बहुतेकांनी छळाला नकार दिला.

बुरुजात न ढळलेली जोन ढळली ती मंदिराच्या सावलीत. संत उआँ हे सातव्या शतकातले रुआँचे बिशप. त्यांच्या नावाच्या मठाचे भव्य मंदिर १३१८ पासून बांधले जात होते. त्याचा मुकुटासारखा मनोरा तेव्हा पूर्ण झालेला नव्हता. मंदिराला लागून दफनभूमी होती. २४ मे रोजी तिथे जोनला लोकांसमोर उभे करून प्रवचन दिले गेले. मग दंडाज्ञा वाचायला सुरुवात झाली आणि तिचा धीर सुटला. समोर धरलेल्या कागदावर तिने खूण केली. तो कागद सहा-सात ओळींचा होता, असे साक्षीदारांनी पुढे सांगितले. दप्तरात नोंदलेला कबुलीजबाब मात्र बराच लांब आहे.

काही चरित्रकार हा दिवस घाईघाईने उरकतात. आम्हाला ते पटत नाही. ती एकोणीस वर्षांची होती, महिनोन् महिने बेड्यांत होती, आणि आगीला भ्यायली. ख्रिस्तसभेच्या कैदेत नेतील ही आशाही फोल ठरली. तिला त्याच कोठडीत परत पाठवले. चार दिवसांनी तिने सांगितले की, केवळ आगीच्या भीतीने मी वाणी नाकारली, आणि आता ते नाकारणे मागे घेते. याचा अर्थ काय होतो, हे तिला नीट माहीत होते.

३० मे रोजी सकाळी तिने पापनिवेदन केले व ख्रिस्तप्रसाद स्वीकारला. जिला पाखंडी ठरवले, तिलाच ख्रिस्तप्रसाद कसा दिला, याचे उत्तर न्यायाधीशांपाशी नसावे. जुन्या बाजारात तिला जाळले. शेवटपर्यंत एक धर्मबंधू तिच्यासमोर क्रूस उंच धरून होता. राख सेन नदीत टाकली, म्हणून तिचे अवशेष कुठेही नाहीत. एका बाटलीतले अवशेष तिचे म्हणून जपले जात होते; २००७ मध्ये तपासणी झाली तेव्हा ते इजिप्तच्या ममीचे निघाले.

ज्या ख्रिस्तसभेच्या न्यायालयाने तिला दोषी ठरवले, तिच्याच दुसऱ्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९२० मध्ये तिला संतपद दिले, पण त्याच्या कितीतरी आधी तिची म्हातारी आई इझाबेल न्याय मागत पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये आली होती. ते साल होते १४५५. पोप कॅलिक्स्टस तिसरे यांनी फेरतपासणीला परवानगी दिली होती. शंभरहून अधिक साक्षीदार तपासले गेले. ७ जुलै १४५६ रोजी रुआँ येथे पहिला निकाल रद्दबातल ठरला, आणि तो संत उआँच्या त्याच दफनभूमीत व जुन्या बाजारात जाहीरपणे वाचला गेला. इझाबेल तेव्हा हयात होती. १४५८ मध्ये ती वारली.