पन्नास वर्षे फड राखणारा ड्यूक

बडोद्याच्या जुन्या बाजारात आम्ही नाट्यपदांच्या आणि ख्यालाच्या तबकड्या शोधत हिंडतो. त्या गठ्ठ्यांत अधूनमधून परदेशी जाझच्या तबकड्याही हाती लागतात. त्यांतल्या पुष्कळशा ‘बिग बँड’च्या असतात. बिग बँड म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम वाजवणाऱ्या पंधरा-एक वादकांचा ताफा. असे ताफे अमेरिकेत शेकड्यांनी झाले आणि मोडले. एक मात्र सुमारे पन्नास वर्षे टिकला, तो ड्यूक एलिंग्टनचा. तो कसा टिकला, हे आपल्या वाचकांना सांगावेसे वाटते.

एडवर्ड केनेडी एलिंग्टनचा जन्म २९ एप्रिल १८९९ रोजी वॉशिंग्टनमधल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील श्रीमंतांच्या घरी बटलर होते, काही प्रसंगी व्हाइट हाउसमध्येही त्यांनी काम केले. घरची ऐपत बेताची, पण राहणी टापटिपीची. मुलाचे कपडे आणि अदब पाहून मित्रांनीच त्याला ‘ड्यूक’, म्हणजे उमराव, म्हणायला सुरुवात केली. लहानपणी पियानोची शिकवणी लावली होती, पण त्याचे लक्ष बेसबॉलकडे. पुढे चित्रकलेची शिष्यवृत्ती चालून आली, तीही सोडली. पाट्या रंगवायचा धंदा करीत तो रात्री पियानो वाजवू लागला आणि १९२३ मध्ये न्यूयॉर्कला गेला.

डिसेंबर १९२७ मध्ये त्याच्या बँडला हार्लेममधल्या कॉटन क्लबमध्ये काम मिळाले. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती, रंगमंचावरचे कलाकारही कृष्णवर्णीय, पण प्रेक्षक मात्र गोरेच. अशा जागी वाजवताना त्याचे मन काय म्हणत असेल याची कल्पना करता येते. पण तिथून रेडिओवर कार्यक्रम प्रसारित होत आणि त्यामुळे त्याचे नाव देशभर पोचले. पुढे दक्षिणेकडच्या राज्यांत दौरे करताना हॉटेलांत जागा मिळत नसे, तेव्हा त्याने बँडसाठी रेल्वेचे स्वतंत्र डबेच भाड्याने घेतले. झोपणे, जेवणे सगळे तिथेच. अपमान टाळायचा आणि कार्यक्रमही चुकवायचा नाही, यावर त्याने काढलेला हा तोडगा.

त्याच्या रचनांची खुबी अशी की तो वाद्यासाठी न लिहिता वादकासाठी लिहीत असे. कागदावर ‘पहिला ट्रम्पेट’ असे न लिहिता त्या वादकाचे नाव लिही. बबर मायली ट्रम्पेटच्या तोंडाशी रबरी टोपी धरून गुरगुरल्यासारखा आवाज काढी. त्या गुरगुरण्याभोवतीच ड्यूकने गाणी बेतली. १९३० च्या ‘मूड इंडिगो’मध्ये त्याने ट्रम्पेट व ट्रॉम्बोनचे आवाज दाबून वर ठेवले आणि एरवी उंच वाजणारी क्लॅरिनेट खाली उतरवली. तीन वाद्ये, पण चौथेच काहीतरी ऐकू येते. त्या काळी तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. आपल्या गवयांनाही याच तीन मिनिटांत राग बसवावा लागे. ड्यूकने ती मर्यादा पाळली आणि मोडलीही. १९३५ मध्ये आई गेल्यावर त्याने जी रचना केली, ती तबकडीच्या चार बाजू व्यापते.

खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धानंतर लागली. प्रवासखर्च वाढला, लोकांना बँडपेक्षा गायक हवेसे झाले. १९४६ च्या अखेरीस कित्येक नामांकित बँड एकापाठोपाठ बंद पडले. गंधर्व नाटक मंडळीचा इतिहास ठाऊक असणाऱ्यांना हे गणित समजावून सांगायला नको. खुद्द सयाजीराव महाराजांचा आश्रय असूनही बालगंधर्वांची कंपनी कर्जात बुडाली. ड्यूकला कोणी महाराज नव्हते. त्याच्या गाण्यांची रॉयल्टी हाच त्याचा आश्रय. तो पैसा तो वादकांच्या पगारात घाली. नवी रचना दुसऱ्याच दिवशी आपल्या माणसांकडून ऐकायला मिळावी, यासाठी त्याने हा तोटा पत्करला.

माणसे सोडूनही गेली. सॅक्सोफोनवादक जॉनी हॉजेस १९५१ मध्ये गेला, १९५५ मध्ये परतला. ट्रम्पेटवादक कूटी विल्यम्स १९४० मध्ये गेला, तो १९६२ मध्ये आला. ड्यूकने दार बंद केले नाही. ७ जुलै १९५६ च्या रात्री न्यूपोर्टच्या महोत्सवात पॉल गोन्साल्विसने सॅक्सोफोनवर ब्लूजची सलग २७ आवर्तने घेतली. प्रेक्षक उठून नाचू लागले आणि मावळतीला लागलेला बँड पुन्हा उजळला. गोन्साल्विस हे आडनाव आपल्याला गोव्याचे वाटेल, पण त्याचे घराणे केप व्हर्डेचे. पोर्तुगीजांचे राज्य तिथेही होतेच.

१९६३ मध्ये अमेरिकी सरकारने हा बँड पूर्वेच्या दौऱ्यावर पाठवला, तेव्हा तो आपल्याकडेही आला. दिल्लीत ड्यूक आजारी पडला आणि त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न पियानोवर बसला. त्या दौऱ्यातून ‘फार ईस्ट स्वीट’ ही लाँग प्ले तबकडी जन्मली. तिच्यात दिल्लीच्या पाखरावर एक रचना आहे. नावात निळा पक्षी असला तरी ती आपली साळुंकी. क्लॅरिनेटवर तिची शीळ ऐकू येते. मिळाल्यास जरूर ऐकावी.

१९६५ मध्ये पुलित्झरच्या परीक्षकांनी त्याच्या गौरवाची शिफारस केली, पण ती वरच्या मंडळाने नाकारली. तो मान त्याला मिळाला १९९९ मध्ये, मृत्यूनंतर. मात्र सत्तराव्या वाढदिवशी व्हाइट हाउसमध्ये त्याचा सन्मान झाला. वडिलांनी जिथे पाहुण्यांची सरबराई केली, तिथे मुलगा पाहुणा म्हणून गेला.

२४ मे १९७४ रोजी न्यूयॉर्कमध्ये ड्यूक गेला. त्याआधी काही दिवस गोन्साल्विस गेला होता. १९२७ पासून सोबत असलेला हॅरी कार्नी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेला. उमेदीत एकत्र आलेली माणसे सत्तेचाळीस वर्षांनीही एकत्र होती. मंडळ चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट सोपी नाही हे कळते. कोणाचा आवाज कुठे खुलतो हे ओळखून त्याला तिथे जागा द्यायची, रुसून गेलेल्याची खुर्ची राखून ठेवायची आणि वेळ पडल्यास पदरचे घालायचे, एवढ्यावर ड्यूकने आपला फड राखला.