हिरो गावचे हामागुची गोऱ्यो

जपानच्या दक्षिण किनाऱ्यावर, वाकायामा प्रांतात, हिरो नावाचे एक लहानसे गाव होते. पुढे समुद्र, मागे भातशेती आणि तिच्यापलीकडे देवस्थानाची उंच टेकडी, असा त्या गावाचा देखावा होता. ह्या गावी १८२० साली हामागुची गोऱ्यो ह्यांचा जन्म झाला. त्यांच्या घराण्याचा धंदा सोयाबीन आंबवून खारट रस तयार करण्याचा होता. त्यांचा कारखाना दूर पूर्वेस चोशी येथे होता. लहान वयातच गोऱ्यो तेथे गेले आणि इतर उमेदवारांबरोबर राबून धंदा शिकले. धन मिळाले, तरी गावाचा त्यांना विसर पडला नाही. १८५२ साली त्यांनी गावातील मुलांसाठी शाळा काढली.

जपानच्या दक्षिणेस सागरतळाखाली पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड खंड एकमेकांस रेटत असतात. त्यांत वर्षानुवर्षे ताण साठतो आणि एके दिवशी तो एकाएकी सुटतो. तेव्हा भूकंप होतो, सागरतळ उचलला जातो व त्यावरील पाण्याचा सारा डोंगर हलतो. खोल समुद्रात ही लाट फारशी उंच नसते, पण तिचा वेग विलक्षण असतो. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात तिचा वेग मंदावतो आणि उंची वाढत जाते. हिच लाट त्सुनामी होय. १७०७ साली अशाच लाटेने हिरो गावाचा विध्वंस केला होता.

२३ डिसेंबर १८५४ रोजी सकाळी जमीन हादरली. समुद्राचे लक्षण ठीक दिसेना, म्हणून गोऱ्यो ह्यांनी लोकांस टेकडीवर नेले. ती रात्र निर्विघ्नपणे पार पडली आणि दुसऱ्या दिवशी लोक घरी परतले. परंतु त्याच दिवशी विहिरींचे पाणी खाली गेल्याची वार्ता आली. दुपार कलता कलता पहिल्याहून किती तरी भयंकर भूकंप झाला. घरे कोसळली, आणि थोड्याच वेळात समुद्र गावात शिरला. लोकांस टेकडीकडे धाडीत असता गोऱ्यो स्वतःच लाटेत सापडले; कसेबसे एका उंचवट्याचा आश्रय मिळून ते वाचले.

अंधार पडला. गावात अजून माणसे अडकली होती. त्यांस वाट दिसत नव्हती. काही धडधाकट माणसे व मशाली बरोबर घेऊन गोऱ्यो पुन्हा खाली उतरले. वाहून आलेल्या लाकडांनी रस्ता अडला होता. तेव्हा त्यांनी वाटेच्या कडेला शेतात रचलेल्या भाताच्या दहाबारा उडव्यांना आग लावण्यास सांगितले. भडकलेल्या ज्वाळांनी टेकडीची दिशा दाखविली आणि वाट चुकलेले कित्येक जीव त्या उजेडाच्या आधाराने वर पोहोचले. त्यानंतर आणखी मोठी लाट आली व त्या जळत्या उडव्याही वाहून गेल्या. सुमारे तेराशे वस्तीच्या त्या गावात तीसच्या आसपास माणसे दगावली, बाकीची वाचली.

ही कथा पुढे जगभर गेली. १९३७ पासून दहा वर्षे ती जपानी मुलांच्या पाठ्यपुस्तकातही होती. मात्र त्या कथेत गोऱ्यो हे टेकडीवर राहणारे वृद्ध गृहस्थ झाले. वस्तुतः त्या वेळी ते अवघे चौतीस वर्षांचे होते, आणि आग त्यांनी टेकडीवर नव्हे, खाली शेतांतून, प्राण धोक्यात घालून लावली होती.

गोऱ्यो ह्यांचे खरे थोर कार्य त्या रात्रीनंतर आरंभले. घरे गेली होती, होड्या गेल्या होत्या. पुन्हा लाट येईल ह्या भीतीने लोक गाव सोडण्याच्या विचारात होते. गोऱ्यो ह्यांनी आधी अन्नाची सोय केली, घरे बांधून दिली, होड्या व शेतीची अवजारे पुरविली. परंतु दानावर गाव फार दिवस जगत नाही, हे ते जाणून होते. म्हणून १८५५ साली त्यांनी स्वतःच्या पैशाने समुद्राच्या बाजूस मातीचा बांध घालण्यास प्रारंभ केला. कामावर येणारांस रोज मजुरी मिळे. हातांस काम मिळाले, चुली पेटल्या आणि लोक गावात राहिले. १८५८ च्या अखेरीस सुमारे ६०० मीटर लांब, ५ मीटर उंच आणि पायथ्याशी २० मीटर रुंद असा बांध उभा राहिला. त्याच्या पुढे पाइन वृक्षांची रांग लावण्यात आली. कृतज्ञ गावकऱ्यांनी गोऱ्यो ह्यांचे देऊळ बांधावयाचे ठरविले. पण त्यांनी ते निक्षून नाकारले.

पुढे ते जपान सरकारच्या टपाल खात्याचे प्रमुख झाले व वाकायामाच्या विधिमंडळाचे पहिले अध्यक्षही झाले. जग पाहण्याच्या इच्छेने ते परदेशी निघाले आणि १८८५ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मृत्यूनंतर एकसष्ट वर्षांनी, २१ डिसेंबर १९४६ रोजी, तेथे पुन्हा लाट आली. बांधाच्या आत असलेला गावाचा बहुतेक भाग सुरक्षित राहिला; बांधाबाहेरच्या वस्तीची मात्र हानी झाली.

अशा लाटा केवळ जपानातच येतात असे नाही. १९४५ साली मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हा तिची लाट मुंबईपर्यंत पोहोचली होती. २००४ साली तामिळनाडूच्या किनाऱ्यावर हजारो लोक मृत्युमुखी पडले. शिवाय १९०० पासून जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटरने वाढली आहे. समुद्रच वर चढला, म्हणजे तेवढीच लाट अधिक आत शिरते. २०११ साली जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर तर लाटांनी मोठमोठ्या भिंती ओलांडल्या. म्हणून बांध हवा; पण जमीन हादरताच उंच जागी धाव घेण्याची सवयही हवी. गोऱ्यो ह्यांनी लोकांस दोन्ही दिले.

त्सुनामीविषयी जागृती व्हावी म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ५ नोव्हेंबर हा दिवस ठरविला. जुन्या जपानी पंचांगाप्रमाणे उडव्या पेटल्या तो अकराव्या महिन्याचा पाचवा दिवस होता. हिरो गावात १९०३ पासून नोव्हेंबरमध्ये एक उत्सव होऊ लागला. त्या उत्सवात शाळेतील मुले ओंजळभर माती आणून बांधावर घालतात. पावसाने झिजलेला बांध अशा रीतीने भरून निघतो, आणि बांध कशासाठी बांधला ह्याचे स्मरणही राहते.