विश्लेषण : अमेरिकी गृहयुद्धाचे कारण सांगून नंतर ते बदलणारे अलेक्झांडर स्टीफन्स कोण होते?

अमेरिकेतील गृहयुद्ध (१८६१-१८६५) गुलामगिरीसाठी झाले की राज्यांच्या हक्कांसाठी, यावर तिथे आजही वाद होतो. विशेष म्हणजे या दोन्ही बाजू ठासून मांडणारा माणूस एकच होता. वकील, राजकारणी आणि लेखक असलेले अलेक्झांडर स्टीफन्स.

स्टीफन्स कोण होते?

जन्म ११ फेब्रुवारी १८१२, जॉर्जिया राज्यात क्रॉफर्डव्हिलजवळ. चौदाव्या वर्षी वडिलांचे छत्र हरपले. १८३४ मध्ये वकिली सुरू केली आणि १८४३ ते १८५९ ते प्रतिनिधीगृहात होते. प्रकृती कायम नाजूक, वजन जेमतेम ४५ किलो. पण बोलायला उभे राहिले की सभागृह ऐकत असे. १८४८ मध्ये मेक्सिको युद्धाविरोधात त्यांनी केलेल्या भाषणाने अब्राहम लिंकन भारावले होते. तेव्हा दोघेही व्हिग पक्षाचे सदस्य होते.

फुटीला विरोध, तरी उपाध्यक्ष कसे?

१८६० मध्ये लिंकन निवडून आल्यावर दक्षिणेकडील राज्ये संघराज्यातून बाहेर पडू लागली. स्टीफन्स यांनी फुटीविरोधात मत दिले. मात्र हा विरोध गुलामगिरीला नव्हता. राज्यघटनेच्या आश्रयाने ती अधिक सुरक्षित राहील, असा त्यांचा वकिली हिशेब होता. त्यांच्या स्वतःच्या मालकीचे ३०हून अधिक गुलाम होते. जॉर्जिया बाहेर पडल्यावर तेही सोबत गेले आणि फुटीर राज्यांच्या ‘कॉन्फेडरसी’चे उपाध्यक्ष झाले.

कोनशिलेचे भाषण काय होते?

२१ मार्च १८६१ रोजी सव्हाना शहरात त्यांनी नव्या सरकारचा पाया काय, हे उघडपणे सांगितले. कृष्णवर्णीय हे गोऱ्यांच्या बरोबरीचे नाहीत आणि गुलामी हीच त्यांची नैसर्गिक अवस्था आहे, या विचाराला त्यांनी सरकारची कोनशिला म्हटले. तीन आठवड्यांनी फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि युद्ध पेटले.

मग कारण कधी बदलले?

दक्षिण हरली. मे १८६५ मध्ये स्टीफन्स यांना अटक झाली आणि बोस्टनच्या बंदरातील फोर्ट वॉरन तुरुंगात सुमारे पाच महिने ठेवण्यात आले. तिथे लिहिलेल्या रोजनिशीत त्यांनी कोनशिलेच्या भाषणाचे खापर बातमीदाराच्या अपुऱ्या टिपणांवर फोडले. (ही सबब आम्हा पत्रकारांना नवी नाही.) सुटकेनंतर १८६८ आणि १८७० मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ आला. त्यात युद्धाचे मूळ कारण गुलामगिरी नसून केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांचा झगडा होता, अशी मांडणी होती. दक्षिणेत ती पिढ्यान्‌पिढ्या रुजली.

संसदेत कोणी आठवण करून दिली?

१८७३ मध्ये, म्हणजे पुण्यात जोतिराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केले त्याच वर्षी, स्टीफन्स पुन्हा प्रतिनिधीगृहात पोहोचले. जानेवारी १८७४ मध्ये ते नागरी हक्क विधेयकाविरोधात बोलले. त्यांना ६ जानेवारीला उत्तर दिले दक्षिण कॅरोलिनाचे कृष्णवर्णीय सदस्य रॉबर्ट ब्राऊन एलियट यांनी. गुलामगिरीच्या कोनशिलेवर सरकार उभारल्याची घोषणा याच गृहस्थांनी केली होती, हे एलियट यांनी भर सभागृहात ऐकवले. विधेयक १८७५ मध्ये मंजूर झाले.

स्टीफन्स १८८२ मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर झाले आणि पदावर असतानाच ४ मार्च १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. १९२७ मध्ये जॉर्जियाने त्यांचा पुतळा वॉशिंग्टनच्या संसद भवनाला भेट दिला.